तिलिस्म-ए-होशरुबा : नकाशावर नसलेल्या मुलखाचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, सनावळ्या असतात आणि सोबत एखादा नकाशा असतो. उर्दू अदबमध्ये एक मुलूख असा आहे की त्याला बादशहा आहे, सरहद्दी आहेत, नदी, पूल, बागा आणि बाजार आहेत, जुनी तवारीखही आहे. पण जगाच्या कोणत्याही नकाशावर तो सापडत नाही. या मुलखाचे नाव तिलिस्म-ए-होशरुबा. होशरुबा म्हणजे होश उडविणारा. तिलिस्म हा शब्द मूळचा ग्रीक. तो अरबीत आला, तेथून फारसीत आणि पुढे उर्दूत. इंग्रजीतला ‘टॅलिस्मन’ हा त्याचाच भाऊबंद. दास्तान सांगणाऱ्या दास्तानगोंच्या भाषेत तिलिस्म म्हणजे जादूच्या जोरावर उभे केलेले जग. तिथे निसर्गाचा कायदा चालत नाही, जादूगाराचा चालतो.

असा मुलूख कधी नव्हता, हे सांगायला कोणी विद्वान लागत नाही. तरीही वर्गात अमीर हमजाचे नाव निघाले की मुले हमखास विचारतात, ‘‘सर, हे खरंच झालं होतं का?’’ आपल्या घरांतून या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. एक भाबडे उत्तर : ‘‘हो, आपल्या हजरत हमजांचीच ही कहाणी.’’ दुसरे कडक उत्तर : ‘‘सगळं झूट आहे, वाचूच नका.’’ मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्याने इतिहासाचे नुकसान होते, दुसऱ्याने साहित्याचे. म्हणून या मुलखाचा भूगोल आणि प्राचीन इतिहास जरा नीट पाहू या.

सुरुवात खऱ्या इतिहासापासून करावी लागेल. हजरत हमजा (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते आणि दूधभाऊ. इ.स. ६२५ मध्ये उहदच्या लढाईत ते शहीद झाले. त्यांच्या शौर्याचा गौरव इस्लामी परंपरेत सतत होत आला आहे. दास्तानमधला अमीर हमजा मात्र इराणच्या नौशेरवान बादशहाच्या दरबारात वावरतो, त्याची शहजादी मेहरनिगार हिच्यावर प्रेम करतो, हिंदचा बलाढ्य राजा लंधौर याला जिंकून आपला दोस्त बनवितो. आता सनावळी पाहा. नौशेरवान म्हणजे सासानी सम्राट खुसरो पहिला. त्याची कारकीर्द इ.स. ५३१ ते ५७९. तो मरण पावला तेव्हा खरे हजरत हमजा लहान वयाचे होते. त्यांनी इराण, हिंद आणि परीस्तान पालथे घातल्याचा इतिहासात कोठेही पुरावा नाही. म्हणजे नाव इतिहासातले, पराक्रम कल्पनेतला.

हे नाव आणि हे पराक्रम एकत्र कसे आले, यावर अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. काहींच्या मते, खलिफा हारून अल रशीदच्या काळात सिस्तान भागात बंड करणारा हमजा बिन अब्दुल्लाह नावाचा एक खारिजी सरदार होता. त्याच्या मोहिमांच्या कथा लोकांत पसरल्या आणि पुढे त्या अधिक आदरणीय हमजांच्या नावावर जमा झाल्या. हे मत सर्वांना मान्य नाही. पण लोककथा कशी वाढते, हे त्यातून कळते. दास्तानमधला अमर अय्यार पाहा. हमजाचा हा बालमित्र वेषांतर करतो, गुंगीचे औषध देतो, कितीही माल मावेल अशी ‘जंबील’ नावाची झोळी बाळगतो. ‘अय्यार’ ही मात्र इराणच्या इतिहासातली खरी मंडळी. नवव्या शतकात सफ्फारी घराणे स्थापणारा याकूब बिन लैस हा स्वतः अय्यारांतून वर आलेला होता.

ही कथा फारसीत वाढली, अरबी आणि तुर्कीत गेली, मलाया आणि जावापर्यंत पोहोचली. हिंदुस्थानात अकबर बादशहाला तिचे भारी वेड. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांच्या देखरेखीखाली त्याने ‘हमजानामा’ची सुमारे १४०० मोठी चित्रे कापडावर करवून घेतली. हे काम पंधराएक वर्षे चालले. चित्राच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असे. त्या चित्रांपैकी आज दोनशेही उरलेली नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेली काही चित्रे १८८१ साली काश्मीरमध्ये सापडली, तेव्हा ती खिडक्या बुजविण्यासाठी लावलेली होती! बादशहाच्या किताबखान्यातून खिडकीच्या भोकापर्यंत, असा हा प्रवास.

आता भूगोलाकडे वळू. दास्तानचा पहिला भाग आपल्या ओळखीच्या जगात घडतो. मक्का आहे, नौशेरवानची राजधानी मदाइन आहे, सरंदीप म्हणजे आजचे श्रीलंका आहे. मग कथा हळूहळू नकाशाच्या कडेला सरकते आणि कोह-ए-काफला पोहोचते. काफ हा पर्वत दास्तानगोंनी शून्यातून काढलेला नाही. मध्ययुगीन मुस्लिम भूगोलकारांच्या आणि अजब वस्तूंची वर्णने करणाऱ्यांच्या ग्रंथांत पृथ्वीला वेढा घालून उभा असलेला काफ पर्वत येतो. तो पाचूचा आहे आणि आकाशाचा रंग ही त्याचीच छाया, अशी समजूत होती. तेराव्या शतकातल्या जकरिया कजवीनीने अशा अजब गोष्टींचा मोठा ग्रंथच लिहिला. दास्तानगोंनी हा काफ उचलला आणि तिथे पऱ्या व देव वसविले. परीस्तानचा बादशहा शाहपाल संकटात सापडतो. हमजा त्याच्या मदतीला अठरा दिवसांसाठी म्हणून जातो आणि अठरा वर्षे अडकून पडतो. तिथे आसमान परीशी त्याचा निकाह होतो. इकडे मेहरनिगार वाट पाहत राहते. जगाच्या कडेला वेळेचे माप बदलते, हा या भूगोलाचा पहिला नियम.

काफच्याही पलीकडची पायरी म्हणजे होशरुबा. काफ निदान जुन्या ग्रंथांत तरी होता. होशरुबा संपूर्णपणे लखनौच्या दास्तानगोंची निर्मिती. प्रकाशकांनी त्याला अकबराच्या दरबारातल्या फैजीचे नाव जोडले होते, पण त्याला आधार नाही. एकोणिसाव्या शतकात लखनौचे मीर अहमद अली यांनी हा तिलिस्म प्रथम रचला, असे अभ्यासक मानतात. मुन्शी नवल किशोर यांच्या लखनौच्या छापखान्याने तो छापला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, १८८३ ते १८९० च्या दरम्यान. त्यानंतर जाह तिथून बाहेर पडले आणि उरलेले खंड अहमद हुसैन कमर यांनी पुरे केले. एकूण सात खंड, त्यातला पाचवा दोन भागांत. आणि हा तर संपूर्ण दास्तान-ए-अमीर हमजाचा केवळ एक तुकडा. पूर्ण दास्तान ४६ खंडांची आहे, एकेक खंड सरासरी नऊशे पानांचा.

होशरुबाचा नकाशा मनात असा काढता येतो. खुदाईचा दावा करणारा लका नावाचा एक भोंदू हमजाच्या फौजेपुढे पळत पळत कोहिस्तानात येतो आणि अकीक पर्वताच्या राजाचा आसरा घेतो. या कोहिस्तानाच्या शेजारी तिलिस्माची हद्द सुरू होते. हद्दीवर एक नगारा ठेवलेला आहे. तो वाजविला की मदतीचा खलिता तिलिस्माच्या बादशहाकडे पोहोचतो. आत शिरल्यावर मुलखाचे तीन भाग. पहिला जाहिर, म्हणजे उघड भाग. इथे शहरे, रयत, सरदार आणि लहानमोठे जादूगार राहतात. दुसरा बातिन, म्हणजे गुप्त भाग. तो तिलिस्माच्या बड्या धेंडांचा. तिसरा जुल्मात, म्हणजे अंधाराचा प्रदेश. बादशहाच्या घराण्यातल्या बुजुर्ग जादूगरणी तिथे राहतात.

जाहिर आणि बातिन यांच्यामध्ये ‘दर्या-ए-खून-ए-रवां’, वाहत्या रक्ताची नदी आहे. तिच्यावर परीजादांचा पूल. पूल धुराचा आणि त्याच्या रखवालीला सिंह, तेही धुराचेच. पुलावर तीन मजली बुरूज आहे. एका मजल्यावर पऱ्या तुताऱ्या ओठांना लावून उभ्या. दुसऱ्या मजल्यावरून पऱ्या नदीत मोती टाकतात आणि मासे ते तोंडात झेलून पोहत राहतात. सर्वांत वर धिप्पाड हबशी एकमेकांशी तलवारीने लढत असतात आणि त्यांच्या जखमांचे रक्त खाली नदीत पडते. नदीला नाव का पडले आणि ती आटत का नाही, दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच चित्रात. कल्पित मुलखाच्याही नदीला उगम लागतो, हे दास्तानगोला पक्के माहीत होते.

जाहिर, बातिन आणि जुल्मात हे शब्दही वाचकाने लक्षात घ्यावेत. जाहिर-बातिन ही जोडी सूफींच्या बोलण्यात सतत येते. जुल्मात हा शब्द सिकंदर आणि खिज्र यांच्या कथेतून सर्वांना ठाऊक. आब-ए-हयात, म्हणजे अमृताचा झरा, त्याच अंधारात आहे. ऐकणाऱ्याच्या मनात हे शब्द आधीपासून मुरलेले होते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपल्या कल्पित जगाची कथा १९५४-५५ साली छापली तेव्हा सोबत नकाशे दिले. होशरुबाच्या दास्तानगोला त्यांची गरज नव्हती. त्याचा नकाशा कानांसाठी होता. ओळखीच्या शब्दांनीच ऐकणाऱ्याला दिशा कळत.

आता या मुलखाची जुनी तवारीख. इथले जादूगार सामरी आणि जमशेद यांना खुदा मानतात. सामरी कुरआन शरीफमधून आला आहे. सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या गैरहजेरीत सोन्याचे वासरू घडवून लोकांना बहकविणारा तो हाच. जमशेद हा इराणच्या पुराणकथांतला बादशहा, ज्याला अखेरीस गर्व झाला. आणि होशरुबाचा आजचा बादशहा अफरासियाब, त्याचे नाव फिरदौसीच्या ‘शाहनामा’मधल्या तुराणच्या राजाचे. एकीकडे धर्मग्रंथ, दुसरीकडे इराणी महाकाव्य. दोन्हीकडची, गर्वाने बुडालेली नावे वेचून दास्तानगोंनी जादूगारांचा वंश आणि धर्म तयार केला. सामरीने मागे एक किताब ठेवला आहे. अडचण आली की अफरासियाब तो उघडून पाहतो आणि शत्रू कोठे, कोणत्या वेषात आहे ते त्याला कळते.

पण सगळे कळूनही एक गोष्ट त्याला टाळता येत नाही, आणि तीच या इतिहासाची कळ. दास्तानमधल्या प्रत्येक तिलिस्माचा एक बानी, म्हणजे स्थापक असतो. तो तिलिस्म उभा करतानाच त्याचा शेवटही ठरवून ठेवतो. एक लौह, म्हणजे पाटी असते. तिलिस्म कसा मोडायचा ते त्या लौहवर उमटते. मोडणारा कोण, तेही ठरलेले. त्याला तिलिस्मकुशा म्हणतात. होशरुबाचा तिलिस्मकुशा हमजाचा नातू असद. अफरासियाबाच्या हाती अगणित फौज आहे, जादू आहे, सामरीचा किताब आहे. पण आपल्या राज्याच्या पायात पुरलेला शेवट त्याला उकरून काढता येत नाही. त्याची सारी धडपड तो लांबविण्यासाठी आहे.

लढाईची सुरुवात साधी आहे. हमजाचा मुलगा बदीउज्जमां शिकारीत एका जादूच्या हरिणामागे लागतो आणि तिलिस्मात कैद होतो. त्याला सोडवायला असद निघतो, मागोमाग अमर आणि त्याचे साथी. त्यात एकाचे नाव बर्क फिरंगी, दुसऱ्याचे किरान हबशी! तिलिस्मकुशा असदच पुढे कैदेत पडतो आणि लढाईचा भार येतो तो अय्यारांवर आणि अफरासियाबाच्याच घरातल्या बंडखोरांवर. शहजादी महजबीनला तख्तावर बसवून महरुख फौज उभी करते. मलिका हैरत ही अफरासियाबाची बेगम, तर तिची सख्खी बहीण बहार बंडखोरांना येऊन मिळते. बहारची जादू अशी की ती वसंत ऋतू आणते, फुले उमलतात आणि शत्रूचे सैनिक देहभान विसरतात. एवढ्या साम्राज्याला सुरुंग लागतो तो घरातूनच, आणि लावणाऱ्या बहुतेक बायका. एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टीत बायकांना सेनापतिपद आणि तख्त दोन्ही मिळते, हे आपल्या लेकींना जरूर सांगावे.

इथवर आपण कल्पनेत होतो. पण होशरुबात एक खरे शहर लपलेले आहे, आणि माझ्या मते इतिहासाच्या वाचकाने या पुस्तकाकडे वळण्याचे मोठे कारण तेच. जादूगारांच्या शहरातला बाजार भरतो तेव्हा तो लखनौचा बाजार असतो. तिथले पेहराव, दागिने, जेवणाचे थाळ, मैफली, नोकरांची उतरंड, बेगमांचे टोमणे आणि भटियारणींची भांडणे, सारे लखनौचे. नदीत रक्त वाहते, पण किनाऱ्यावर बोलली जाते ती गोमतीकाठची उर्दू. आणि हे केव्हा लिहिले गेले? इंग्रजांनी १८५६ मध्ये अवध खालसा केले, वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. १८५७-५८ च्या उठावात आणि नंतरच्या पाडापाडीत जुने लखनौ उद्ध्वस्त झाले. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी हे खंड छापले जाऊ लागले. जाह आणि कमर यांनी अवधचे नाव घेऊन शोकगीत लिहिले नाही. पण जे शहर रस्त्यावर उरले नव्हते त्याची एकेक वस्तू त्यांनी जादूच्या मुलखात मांडून ठेवली. सरकारी दप्तरात जहागिरी सापडतील, फौजांचे आकडे सापडतील. एखादी दासी मालकिणीला कसे उत्तर देत होती, ते होशरुबात सापडेल. आणि ज्या वाचकाने एक दरबार डोळ्यांदेखत संपताना पाहिला होता, त्याला पायातच शेवट पुरलेल्या तख्ताची गोष्ट परकी वाटली असेल, असे मला वाटत नाही.

याच काळात आपल्याकडे दुसरा प्रवाह जोरात होता. १८७० च्या दशकात डिप्टी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ही कादंबरी आली. तिच्यातला बाप मुलाची पुस्तके आग लावून जाळतो; चारित्र्य बिघडविणारे साहित्य म्हणून. सुधारकांची तळमळ खोटी नव्हती. राज्य गेले होते, नोकऱ्या गेल्या होत्या, मुलांनी शिकावे असे त्यांना वाटत होते. पण त्या आगीची ऊब दास्तानलाही लागली. अरबी-फारसीतल्या परीकथा म्हणजे कौमच्या आळसाची खूण, असा समज शिकलेल्या घरांत रुजला. गंमत अशी की ज्यांच्या छापखान्याने हा सारा ठेवा कागदावर आणला ते मुन्शी नवल किशोर हिंदू होते. त्याच छापखान्यातून कुरआन शरीफच्या स्वस्त प्रतीही निघत. आणि ज्या देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये हिंदीत ‘चंद्रकांता’ लिहिली, त्यांनी तिलिस्म आणि अय्यार तिथूनच घेतले. १९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका आली तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत मुले ‘अय्यार’ हा शब्द बोलू लागली. तो शब्द कोणत्या घरचा, हे फार थोड्यांना माहीत होते.

दरम्यान दास्तान सांगणारे संपत गेले. दिल्लीचे मीर बाकर अली हे शेवटचे नामवंत दास्तानगो. १९२८ साली ते वारले. कादंबरी, नाटक आणि सिनेमाने श्रोते ओढून नेले होते. पुढे ४६ खंडांचा पूर्ण संच मिळणेही मुश्कील झाले. शम्सुर्रहमान फारूकी यांनी आयुष्यातली अनेक वर्षे घालवून ते खंड गोळा केले आणि दास्तान ही कादंबरीची मागासलेली बहीण नसून तिचे स्वतःचे शास्त्र आहे, ती ऐकण्यासाठी रचलेली असते, हे मोठ्या ग्रंथातून मांडले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याच प्रेरणेने २००५ साली महमूद फारूकी यांनी दिल्लीत दास्तानगोईचे प्रयोग पुन्हा सुरू केले. मुशर्रफ अली फारूकी यांनी होशरुबाचा पहिला खंड २००९ मध्ये इंग्रजीत आणला. जे आपल्या बैठकीतून हद्दपार झाले होते, ते इंग्रजी पुस्तकांच्या दुकानातून परत येऊ लागले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. ‘हे खरंच झालं होतं का?’ याचे माझे उत्तर असे : तारीख आणि दास्तान ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकू नये. हजरत हमजा (रजि.) यांचे चरित्र तारीखमधून वाचावे, उहदचा प्रसंग तिथे आहे. त्याला दास्तानच्या पराक्रमांची जोड देण्याची गरज नाही. त्यांचे मोठेपण त्याविनाही पुरते आहे. आणि दास्तान ही दास्तान म्हणून वाचावी. तिच्यातला मुलूख खोटा आहे, पण तो रचणारी बुद्धी खरी आहे, भाषा खरी आहे, आणि तिच्या पोटात दडलेले लखनौही खरे आहे. जे मूल ही दोन खाती वेगळी ठेवायला शिकेल, ते उद्या भाषणात ऐकलेली दंतकथा इतिहास म्हणून स्वीकारणार नाही, आणि एखादी सुंदर कथा खोटी म्हणून जाळायलाही निघणार नाही. आजच्या काळात ही समज परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त कामाची आहे.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. हातिमताई आणि गुलबकावली तर मराठी वाचकाच्या जुन्या ओळखीच्या. मराठीला हा रस परका नाही. आपल्यापैकी अनेकांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी वाचता येतात. अशा वाचकांनी होशरुबाचा एखादा प्रसंग, धुराचा पूल असो की बहारचा वसंत, घरात मुलांना आपल्या मराठीत सांगावा. आठ जाडजूड पुस्तके एकदम कोणी वाचत नाही. दास्तानही कधी एका रात्रीत सांगितली जात नव्हती. रोज थोडी, मग दुसऱ्या दिवशी पुढची.